ओळख देणारा इसम

कापसाची दुसरी वेच चालू होती. अशा दिवसांत उमरडोहात भर दुपारी घरी सापडणारा माणूस एकतर आजारी असायचा किंवा सरपंच. त्यामुळे पोलिसांची जीप आली तेव्हा तिच्याभोवती जमायला गावात पुरेशी माणसंच नव्हती. जीपनं दोनदा हॉर्न वाजवून पाहिला, आणि मग ती वावराच्या वाटेला लागून शालिकराम भोयरच्या धुऱ्यावर, बांधाशी येऊन थांबली. आजूबाजूच्या आठ वावरांतल्या वेचणाऱ्या बायांना एकाच वेळी तहान लागली, आणि पाण्याचा माठ नेमका शालिकरामच्या धुऱ्यावर होता.

जीपमधून गजभिये साहेब उतरले. अंगानं किरकोळ, काखेत फाईल. नागपूरच्या मोबदल्याच्या हापिसातून चेक चोरीला गेले होते, त्याचा तपास यांच्याकडे होता.

शालिकराम गाठोड्याची गाठ आवळत होता. बावन्न वर्षांचा माणूस, मिशीत कापसाचा तंतू अडकलेला. साहेबांनी फाईल जीपच्या बॉनेटवर उघडली आणि एका कागदावर बोट ठेवलं.

"ही सही कोणाची?"

शालिकराम तिसरीपर्यंत शिकला होता आणि सही हाच त्या शिक्षणाचा उरलेला भाग होता. सहीखाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. तो खुशीनं म्हणाला, "माहीच हाये साहेब. टिंबं पाहा ना."

"वर काय लिहिलंय?"

"वरचं वाचून नाई केली. खाली जागा होती, तेथं केली."

साहेबांनी वाचून दाखवलं. "सदर बाई नामे जयवंता, बेवा वामन भोयर, राहणार उमरडोह, हिला मी जातीने ओळखतो. नहरात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा रुपये तीन हजार आठशेचा चेक तिने माझ्यासमक्ष घेतला व अंगठा केला. ओळख देणारा इसम, शालिकराम भोयर." मग त्यांनी मान वर केली. "जयवंताबाई कोण?"

बायांनी बोटं दाखवली नाहीत, फक्त माना वळवल्या. शेजारच्या वावरात, वीस पावलांवर, एक बाई पाठ करून उभी होती. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला, कमरेला कापसानं फुगलेली ओटी. शालिकरामच्या धाकट्या भावाची, वामनची, ही विधवा. वामनला जाऊन आठ वर्षं झाली होती.

"बाई, तुम्हाला चेक मिळाला?"

जयवंता साहेबांशी बोलली नाही. ती शालिकरामच्या बायकोला, पार्वतीबाईला म्हणाली, "बाई, त्याईले सांगा, म्या अजून नागपूर पाह्यलं नाई."

पार्वतीबाईनं तेच साहेबांना मोठ्यानं सांगितलं, जणू साहेब बहिरे होते.

"म्हणजे बघा," साहेब शालिकरामला म्हणाले, "हिच्या अर्जावरून आम्ही इथवर आलो. ही म्हणते मिळाला नाही. तुम्ही लिहून दिलं की तुमच्यासमोर मिळाला. दोघांपैकी एक जण खोटं बोलतो."

"नाई साहेब. तेथं बाई होती. मले वाटलं हेच हाये."

"वाटलं? घरची बाई ना ही? तोंड पाहिलं नाही तिचं?"

माठाजवळ कोणीतरी फिसकन हसलं. शालिकरामनं साहेबांकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी त्याला देवळात चपला घालून जातोस का असं विचारलं होतं.

"साहेब, मी भासरा हावो."

गजभिये साहेब नागपूरचे असले तरी विलायतेचे नव्हते. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा, आणि भासऱ्यापुढे भावसून तोंड उघडं करत नाही, त्याच्याशी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आजीनंही ते पाळलं होतं, आणि छप्पन साली धर्म बदलला तेव्हा घरातून देवांबरोबर तो पदरही गेला होता. ते कागदाकडे बघत राहिले.

"किती वर्षं झाली तिला घरात येऊन?"

"बावीस."

"बावीस वर्षांत एकदाही नाही?"

"एकदाही नाई," शालिकराम म्हणाला, आणि सवयीनं त्याच्या आवाजात अभिमान आला.

"हे मी कोणत्या रकान्यात लिहू?" साहेबांनी फाईल बंद केली. "ऐका. अकरा चेक गेले. अकरा पावत्यांवर ओळख देणारे अकरा इसम. दहांचा शोध घेतला. कोणाचं गावच नकाशावर नाही, कोणी बासष्ट साली मेलेला. अकरा सह्यांत खरी सही एकच. तुमची."

शालिकरामला क्षणभर बरं वाटलं. मग कळलं, की खरी सही असलेला माणूसच तेवढा हाती लागतो.

"अंगठ्यावरून नाई समजत काय?" त्यानं विचारलं.

"त्यावर चहा सांडला होता. पुण्याच्या ठसे तपासणाऱ्या हापिसातून परत आलाय, तुलनेस अयोग्य म्हणून. गुरुवारी बाईंना घेऊन हापिसात या. तुमचा जबाब फिरला नाही, तर मोबदला दिला गेला असंच सरकार धरेल. मग बाईंनी कोर्टात जावं. तिथून नातवांच्या लग्नापर्यंत निकाल लागतो."

जयवंताला मूल नव्हतं. हे साहेबांना माहीत नव्हतं, आणि कोणी सांगितलं नाही.

*

पंचक्रोशीत शालिकरामचं नाव होतं ते याच एका गोष्टीसाठी. वामन गेला तेव्हा जयवंता तीस-बत्तीसची होती, आणि दोन्ही घरांचं आंगण एकच. मध्ये कमरेएवढी मातीची भिंत. लोकांनी वर्षभर वाट पाहिली, काही ऐकायला मिळेल म्हणून. काही मिळालं नाही. शालिकराम तिचं वावर आपल्या बैलांनी वाहायचा, पेरून द्यायचा, कापूस गाडीत भरून नेऊन विकून आणायचा, आणि आंगणात शिरायच्या आधी दोनदा खाकरायचा. मान खाली घालून यायचा, मान खाली घालून जायचा. गावातल्या म्हाताऱ्या नव्या पोरींना सांगत, भासरा असावा तर शालिकरामसारखा. त्यानं बावीस वर्षं जमिनीकडे पाहिलं, आणि त्या जमिनीवर जे दिसलं ते कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नव्हतं.

चैत्रात तो स्वतःच्या चेकसाठी नागपूरला गेला होता. त्याची एक एकर नहरात गेली होती, तिची पाऊण. हापिसात गिरिधरबाबू म्हणून कारकून होते. गोरेपान, पानाचा डबा जवळ असलेले. बाकीचे शेतकरी भिंतीला टेकून उकिडवे बसले होते. गिरिधरबाबूंनी शालिकरामला खुर्ची दिली. उमरडोहात खुर्च्या दोन होत्या, एक शाळेत आणि एक सरपंचाकडे, आणि शालिकराम दोन्हींवर कधी बसलेला नव्हता. तो खुर्चीच्या पुढच्या चार बोटांवर बसला. चहा आला. तोही कपबशीत.

"पाटील," गिरिधरबाबू म्हणाले. शालिकराम पाटील नव्हता, पण त्यानं दुरुस्ती केली नाही. "पाटील, तुमची भावसून पण आली आहे बघा. ती तिकडे बसली. कोणी ओळख द्यायला नाही म्हणून खोळंबलीये बिचारी. घरचंच माणूस आलं, बरं झालं. इथं सही करा."

शालिकरामनं त्या दिशेला पाहिलं, म्हणजे भासऱ्यानं जसं पाहायचं तसं, खाली. पांढरट लुगडं, गुडघ्यांपर्यंत आलेला पदर, आणि फरशीवर दोन पाय.

पाय जयवंताचे नव्हते.

हे त्याला तिथंच कळलं होतं. एका नजरेत. मऊ टाचा, बोटांवर जोडव्यांचे ताजे वळ, आणि उजव्या घोट्यावर गोंदलेला विंचू. जयवंताच्या टाचा उन्हाळ्यातल्या वावरासारख्या उकललेल्या होत्या. डाव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली. त्याच पायाच्या तळव्यातून सहा वर्षांपूर्वी तुरीचं खुंट आरपार गेलं होतं आणि वर पावलावर बोराएवढा डाग राहिला होता. ती तो पाय किंचित तिरपा टाकते, हेही त्याला माहीत होतं.

आता त्यानं काय म्हणायचं होतं? बाबू, हे आमच्या भावसुनेचे पाय नाहीत? भरल्या हापिसात? आणि बाबूंनी विचारलं असतं, तुम्हाला कसे ठाऊक हो तिचे पाय, तर? भिंतीशी उकिडवे बसलेल्यांत शेजारच्या खापा गावचे दोघं ओळखीचे होते. संध्याकाळपर्यंत गोष्ट उमरडोहात गेली असती.

शिवाय हातात कपबशी होती. त्यानं बशी टेबलावर ठेवली, रेघ ओढली, दोन टिंबं दिली. गावात येऊन तो जयवंताच्या चेकबद्दल चकार शब्द बोलला नाही. दोन दिवसांनी ती पार्वतीबाईला म्हणाली, "बाई, माया चेकचा अजून कागद नाई आला." तेव्हा तो भिंतीपलीकडे बैलाच्या पायातला काटा काढत होता. तो काटा निघायला त्या दिवशी फार वेळ लागला.

*

जीप येऊन गेल्यावर जयवंताचं वागणं तेच राहिलं. फक्त भिंतीवरून भाजीची वाटी येणं बंद झालं. दुसऱ्या दिवशी शालिकरामनं तिचा कापूस आणायला गाडी जुंपली आणि तिच्या वावरापाशी नेली, तर लहानू कोतवालाची गाडी आधीच तिथं उभी. लहानू तिची गाठोडी चढवत होता.

"तू कोठी आला गा?" शालिकरामनं विचारलं.

"बाईनं बलावलं. भाड्यानं." लहानू वाईट माणूस नव्हता. त्यानं नजर टाळायचा प्रयत्न केला, पण कोतवालाला तेवढा सराव नव्हता. "तुमी रागावू नका भाऊ. ते म्हनते, घरच्या गाडीचं भाडं लई महाग पडलं."

शालिकराम रिकामी गाडी घेऊन परत आला. रिकाम्या गाडीचा आवाज भरल्या गाडीपेक्षा मोठा असतो, आणि वाट गावातून जात होती.

चहाच्या टपरीवर देवाजी सरपंच बसले होते. त्यांनी हाक मारली.

"ये गा शालिकराम. बैस. का म्हनते तुयं पोलीस?"

"गुरुवारी बलावलं."

"मी लोकाईले सांगून राहिलो, शालिकराम असा नाई. सारा जन्म त्यानं मान वर नाई केली." सरपंचांनी चहाचा फुर्का मारला. "लोकं म्हनतात, मान खाली असली का माणसाले पडलेला पैसा लवकर दिसते."

टपरीवरचे चौघं हसले. शालिकरामही हसला. तो का हसला हे त्याला घरी येईपर्यंत कळेना.

घरी पार्वतीबाई तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तो तिच्यासमोर बसला आणि शेंगा सोलू लागला, जे त्यानं लग्नानंतर प्रथमच केलं. तिनं दोन शेंगांपुरतं ते पाहून घेतलं.

"काय झालं?"

"ते बाई जयवंता नव्हती, हे मले तवाच समजलं होतं."

पार्वतीबाईचा हात थांबला. "कसं?"

त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, टाचा, करंगळी, डाग, तिरपा पाय. सांगताना तो शेंगेकडे बघत होता. बोलणं संपल्यावर त्यानं मान वर केली. पार्वतीबाईनं आपले पाय लुगड्याखाली ओढून घेतले होते.

"माये सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"माये पाय सांगा कसे हायेत. चोवीस वर्षं झाले."

शालिकराम शेंग फोडत राहिला. त्याला तिचा आवाज माहीत होता, खोकला माहीत होता, भाकरीवरचा तिचा हात माहीत होता. पाय आठवेनात. बायकोच्या तोंडाकडे पाहायला कोणाची बंदी नव्हती, त्यामुळे खाली पाहायची वेळच आली नव्हती.

"तसं नाई वं," तो म्हणाला. "कोठी पाह्याचं तेच समजत नव्हतं, म्हनून खाली पाह्यलं. त्यात पाप नव्हतं."

"मी कोठी म्हनलं पाप होतं?" पार्वतीबाईनं सोललेले दाणे सुपात ओढले. "पाप असतं तं एकडाव भांडून मोकळी झाली असती." मग सूप बाजूला सारून, "गुरुवारी हेच सांगा साहेबाले."

"साऱ्याईसमोर?"

"सही कोनासमोर केली होती?"

*

गुरुवारी सकाळच्या एस.टी.नं तिघं नागपूरला गेले. शालिकराम पुढे उभा, दोघी जावा मागच्या बाकावर. मोर भवनला उतरून चालत हापिसात पोचेस्तोवर अकरा वाजले. खुर्ची तीच होती, पण या वेळी तिच्यावर फायली ठेवल्या होत्या. शालिकराम उभा राहिला. गिरिधरबाबूंच्या टेबलावर दुसरा कारकून होता. गिरिधरबाबूंच्या छातीत निलंबनाच्या दिवसापासून दुखत होतं आणि ते दवाखान्यात होते. सगळ्या टेबलांवरचं काम अगदी हळू चाललेलं होतं, म्हणजे नेहमीसारखंच, फक्त आज कान उघडे होते.

गजभिये साहेबांनी पावती काढली. "हां. बोला. त्या दिवशी जिला ओळख दिली ती हीच बाई का?"

"नाई साहेब."

"नक्की? आज हिचं तोंड बघून सांगा. बाई, पदर जरा मागं घ्या. सरकारी काम आहे."

जयवंता हलली नाही. पार्वतीबाई तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मग जयवंतानं दोन बोटांनी पदर धरला आणि कपाळाच्या वर नेला.

सगळं हापीस तिच्याकडे पाहत होतं. फक्त शालिकराम फरशीकडे पाहत होता.

"अहो, बघा ना."

त्यानं मान वर केली. एक बाई समोर उभी होती. बावीस वर्षं ती भिंतीपलीकडे खोकली होती, रडली होती, तिच्या चुलीचा धूर त्याच्या डोळ्यांत गेला होता, आणि रस्त्यात भेटली असती तर त्यानं तिला गाव विचारलं असतं.

"ही जयवंताबाई आहे?"

शालिकरामची नजर पुन्हा फरशीकडे गेली.

"हो की नाही?"

"तोंडावरून नाई सांगता येत साहेब."

कोपऱ्यातल्या टेबलावरून हसू आलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग हिला ओळखता तरी कशावरून? आणि ती ही नव्हती, हे कशावरून म्हणता?"

शालिकरामला घाम आला होता. त्यानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, आणि सोगा तोंडावरच राहू देऊन म्हणाला, "पायावरून."

"मोठ्यानं बोला."

"पायावरून साहेब."

टंकलेखन यंत्राची टकटक बंद पडली. मग साहेब विचारत गेले आणि शालिकराम सांगत गेला. डावा की उजवा? डावा. डाग वर की खाली? वर, बोराएवढा. करंगळी? बाहेर. चाल? तिरपी. साहेब प्रत्येक गोष्ट लिहीत होते, आणि लिहिताना तोंडानं म्हणत होते. जयवंतानं पदर कधीच पुन्हा खाली ओढला होता. पाय मात्र तिला कुठं नेता येईनात. ती एका पायावर दुसरा पाय ठेवून उभी राहिली.

"आणि त्या दुसऱ्या बाईचे?"

"मऊ टाचा. जोडवे काढल्याचे वळ. उजव्या घोट्यावर गोंदलेला इंचू."

साहेबांनी चटकन वर पाहिलं. "विंचू? नक्की?"

"नांगी वर होती."

साहेबांनी शिपायाला बोलावून हळू काहीतरी सांगितलं, आणि शिपाई सायकल घेऊन गेला. तीन विधवांच्या नावानं अंगठे देणारी एक बाई त्यांनी गांधीबागेतून आणून चौकीवर बसवली होती. ती म्हणत होती, मी त्या हापिसात कधी पाऊल ठेवलं नाही. पाऊण तासानं शिपाई परत आला आणि दारातूनच म्हणाला, "आहे साहेब. नांगी वर."

मग साहेबांनी शालिकरामकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत आता राग नव्हता, आणि ते शालिकरामला रागापेक्षा जड गेलं.

"म्हणजे सही केली तेव्हाच तुम्हाला ठाऊक होतं."

"हाव."

"पैसे घेतले?"

"नाई साहेब. चहा घेतला."

"मग का केली सही?"

शालिकरामनं तोंडावरचा सोगा खाली घेतला. "कोनी विचारलं असतं, तुले तिचे पाय कसे मालूम, तं काय सांगतलं असतं?"

"आणि आज सांगितलंत ते?"

हा प्रश्न साहेबांनी लिहून घेतला नाही. नियमाप्रमाणे जबाब त्याला वाचून दाखवावा लागला. साहेबांचा आवाज खणखणीत होता. 'माझे भावसुनेचे डावे पायाची करंगळी बाहेर वळलेली असून' इथपासून शेवटपर्यंत साऱ्या हापिसानं तो ऐकला. त्यात खाप्याचा एक शेतकरीही होता. शालिकरामनं सही केली. रेघ ओढली, पण टिंबं द्यायची राहिली.

बाहेर आल्यावर तो सवयीनं थांबला, बायांनी मागून यावं म्हणून. जयवंता पार्वतीबाईला म्हणाली, "बाई, त्याईले म्हना, लंबे पुढं चाला. दिसाले नको आमी."

तो लांब पुढं चालला. वर पाहायची त्याला सवय नव्हती, आणि खाली पाहायची आता सोय नव्हती.

*

गावात गोष्ट त्याच्याआधी पोचली होती. सरपंचांची मस्करी संपली, कारण पैसा खाल्ला नाही हे सिद्ध झालं होतं. पण बाया त्याला पाहून पाय पोटाशी घेऊ लागल्या. पाणवठ्यावर तो आला, की लुगडी एक वीत खाली येत. भासऱ्याचं नाव म्हणून म्हाताऱ्या आता दुसऱ्याच कोणाचं तरी घेत. शालिकराम आंगणात शिरताना दोनाऐवजी चारदा खाकरू लागला, आणि मान वाकडी करून गोठ्याच्या छपराकडे पाहत चालू लागला. एकदा तो त्यामुळे घमेल्यात पडला.

तिचं वावर त्या साली लहानूनंच वखरलं. शालिकरामनं धुऱ्यावरून पाहिलं. वखराची पास, ते लोखंडी पातं, उथळ जात होतं. त्याला दोनदा सांगावंसं वाटलं, पासेवर जरा वजन टाक गा म्हणून. सांगितलं नाही.

फाल्गुनात सरकारी लखोटा आला. मास्तरांनी जयवंताच्या दारात उभं राहून वाचला. चोरीस गेलेल्या चेकऐवजी दुसरा चेक मंजूर झाला होता. सोमवारी हजर राहावं. सोबत ओळख देणारा इसम आणावा; तो अर्जदारास जातीने ओळखणारा असावा.

देवाजी सरपंच संध्याकाळीच येऊन गेले. ते म्हणाले, मी येतो, माझी सही म्हणजे शिक्क्याची सही. लहानूही म्हणाला, मी येतो. दोघांनाही जयवंतानं पार्वतीबाईच्या तोंडून सांगितलं, पाहू.

रविवारी दुपारी शालिकराम आंगणात दोर वळत बसला होता. नजर छपराकडे. भिंतीपलीकडून पावलं आली, एक सरळ, एक तिरपं, आणि त्याच्यासमोर तीन हातांवर थांबली. पार्वतीबाई दारात होती. तिला काहीच सांगायला लागलं नाही.

"भासरेबुवा," जयवंता म्हणाली.

बावीस वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होती. त्याच्या हातातला दोर उलटा फिरून सुटत गेला.

"उद्या सही कराची हाये तुमाले. पाहून घ्या."

"सरपंच येतो म्हनते ना," तो छपराला म्हणाला.

"सरपंचानं नाई बुडवलं मले. ज्यानं चुकीची केली त्यानंच बराबर करून द्याव. पाहा इकडे."

तिनं पदर मागे टाकला आणि ऊन तोंडावर घेऊन उभी राहिली. शालिकरामनं मान खाली आणली. केसांत पांढरं होतं. एवढं त्यानं पाहिलं, आणि मग वामनचा चेहरा, रिकामी गाडी, तो काटा, कपबशी, सगळं मिळून डोळ्यांत आलं. समोर नुसतं ऊन थरथरत होतं.

"पाह्यलं?" तिनं विचारलं.

"हाव," तो म्हणाला.

"झालं मंग." तिनं पदर ओढला आणि ती भिंतीकडे वळली.

दारात पार्वतीबाई नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती. जयवंता चार पावलं गेली. पाचवं पडायच्या आत शालिकराम उठला. दोर त्याच्या पायात अडकला होता.

"थांब वं," तो म्हणाला. "खोटं बोललो. नाई दिसलं."

जयवंता थांबली.

शालिकरामनं सोग्यानं आधी एक डोळा पुसला, मग दुसरा, नीट, कोपऱ्यापर्यंत. सोगा खांद्यावर टाकला.

"आता दाखव," तो म्हणाला.